ऊन, मेण आणि रंगारी

बंगळुरात मराठी माणूस केव्हा आला, या प्रश्नाची आपल्या मंडळींत दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर नोकरीचे. १९४० साली येथे विमानांचा कारखाना निघाला, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली, पाठोपाठ केंद्र सरकारची कार्यालये, संशोधनसंस्था आणि बँका आल्या. आणि बदलीच्या हुकमांबरोबर पुण्या-नागपुराकडची, कोकणातली, बेळगाव-धारवाडकडची कुटुंबे येथे उतरली. हेब्बाळच्या परिसरातील आपली बहुतेक घरे या उत्तरात बसतात. दुसरे उत्तर इतिहासाचे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे भोसले या मुलुखात आले, बंगळूर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक ते भोसल्यांकडे राहिले.

या दोन उत्तरांमध्ये अडीच-तीनशे वर्षांचे अंतर पडते. त्या मधल्या काळात येथे घरात मराठी कोण बोलत होते? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या मोकळ्या राहिलेल्या जागेकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. तेथे आपणांस ठसे, मेण आणि नीळ हाताळणारे लोक भेटतात. त्यांचे नाव रंगारी. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा सोपा मार्ग आपल्या प्रत्येकाच्या घरात घडी घालून ठेवलेला आहे, आणि तो म्हणजे गोधडी.

गोधडीतील चीट

गोधडीला कोठे वाकळ म्हणतात, कोठे लेपटे. कन्नड मुलुखात तिची बहीण कौदी या नावाने नांदते. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरावयाची, कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे आणि विरलेल्या जागी ठिगळ बसवावयाचे, ही तिची रीत आपणांस ठाऊक आहे. वरच्या अंगाला मात्र घरातील त्यातल्या त्यात देखणे कापड येई, आणि ते पुष्कळदा चिटाचे असे. चीट म्हणजे छापील सुती कापड. हिंदीत तोच शब्द छींट असा आहे. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याचेच ‘चिंट्झ’ केले आणि आपल्या ‘पलंगपोसा’चे ‘पॅलमपोर’.

या कापडाने युरोपास काय वेड लावले होते, हे तेथील कायद्यांवरून समजते. फ्रान्सने १६८६ साली भारतीय छापील कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० साली त्याची आयात रोखली, १७२१ साली असे कापड अंगावर घालण्यास व घरात वापरण्यासही मनाई केली, आणि ती १७७४ साली उठविली. बंदीमुळे चिटाचा तुकडा मोलाचा झाला. बायका जुन्या कापडावरील फुले-पक्षी कातरून नव्या पांढऱ्या कापडावर शिवून रजया करू लागल्या. इंग्लंडमधील लेव्हन्स हॉल येथे १७०८ च्या सुमाराची म्हणून मानलेली ठिगळांची रजई आहे. तिच्यातील तुकडे भारतीय चिटाचे आहेत. आपल्या आजीने जे गरिबीपोटी केले तेच तिकडच्या सरदारघराण्यात हौसेपोटी होत होते. दोघींच्या हाती पडलेले कापड मात्र एकाच विद्येचे होते.

उन्हाने केलेले काम

ती विद्या काय होती, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. कापड रंगात बुडविले की रंगते, अशी आपली समजूत असते. सुताला रंग सहजासहजी धरत नाही, आणि धरला तरी पहिल्या धुण्यात निघून जातो. म्हणून रंगारी कापडाला आधी रंगाची ओढ लावीत असे, तीही हव्या तेवढ्याच जागी.

प्रथम कोऱ्या कापडाची खळ काढावयाची. शेळीच्या लेंड्या किंवा शेण कालविलेल्या पाण्यात ते भिजवावयाचे, आपटावयाचे, उन्हात पसरावयाचे, आणि असे कित्येक दिवस चाले. मग हिरड्याची पूड म्हशीच्या दुधात कालवून त्यात कापड बुचकळावयाचे आणि पुन्हा उन्हात वाळवावयाचे. हिरड्याचा तुरटपणा सुतात मुरे, आणि दुधाच्या स्निग्धतेमुळे पुढे काढलेली रेघ पसरत नसे. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला रस या कापडावर लागला की हिरड्याशी मिळून तेथे काळा रंग उमटे. लाल रंगासाठी तुरटीचे पाणी ठशाने किंवा कलमाने लावावयाचे. तुरटी दिसत नाही, म्हणून तिच्यात थोडा कच्चा रंग मिसळावयाचा. नंतर वाहत्या पाण्यात कापड खळबळून ते आलाच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांबरोबर उकळावयाचे. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर त्यासाठी चाय नावाच्या झाडाचे मूळ वापरीत. तुरटी जेथे लागली तेथे पक्का तांबडा रंग चढे. बाकीच्या कापडावर मळकट गुलाबी छटा येई.

येथून पुढे उन्हाचे खरे काम सुरू होई. गुलाबी झालेले कापड पुन्हा शेणाच्या पाण्यात भिजवून नदीकाठी वा तळ्याकाठी पसरीत आणि सुकू लागले की त्यावर पाणी शिंपीत. दिवसामागून दिवस हे चाले. तुरटीने न धरलेला रंग ऊन आणि ओल मिळून खाऊन टाकीत आणि पांढरी जमीन उघडी पडे. तुरटीने धरलेला तांबडा रंग त्याच उन्हात अधिकच खुले.

निळ्या रंगाची तऱ्हा याहून वेगळी. निळीला तुरटी लागत नाही, आणि ती कापडावर छापून भागत नाही. कापडच कुंडीत उतरवावे लागते. म्हणून जो भाग निळा व्हावयाचा नाही त्यावर पातळ केलेले गरम मेण लावून तो झाकून टाकीत. कापड कुंडीतून निघते तेव्हा हिरवट-पिवळे दिसते. वारा लागला की पाहता पाहता निळे होते. मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकले की झाकलेली नक्षी जशीच्या तशी बाहेर येते. राजस्थानातील छिपे मेणाऐवजी चिखल, चुना आणि डिंक यांचा दाब लावतात आणि तो उन्हात कडक करतात, तत्त्व तेच. हिरव्या पानासाठी निळ्यावर पिवळा रंग फिरवीत. हा पिवळा सर्वांत आधी उडतो, आणि म्हणूनच संग्रहालयांतील जुन्या चिटांवर वेलींची पाने आज निळी दिसतात.

पाँडिचेरीकडील फ्रेंच पाद्री कर्दू याने १७४२ साली ही कृती स्थानिक कारागिरांकडून विचारून घेतली आणि पत्रातून मायदेशी कळविली. पुढे तिकडच्या कारखान्यांनी हीच विद्या यंत्रावर चढविली. पत्र लिहिणाऱ्याचे नाव उरले. सांगणाऱ्यांची नावे उरली नाहीत.

रंगारी कोण?

महाराष्ट्रात हा धंदा करणाऱ्यांना रंगारी किंवा भावसार म्हणत. पुण्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसविणारे भाऊसाहेब जावळे हे ‘भाऊ रंगारी’ म्हणूनच ओळखले जातात, ते घराण्याच्या कापड रंगविण्याच्या धंद्यामुळे. कापड छापणे आणि कापड शिवणे ही कामे एकमेकांच्या शेजारची. आपण नामदेवमहाराजांना शिंपी म्हणून जाणतो. पंजाबात आणि राजस्थानात कापड छापणारे छिपे त्यांना आपलेच मानतात, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या एकसष्ट रचना आहेत. एकाच संताला एका प्रांताने सुई दिली आणि दुसऱ्याने ठसा दिला.

दक्षिणेत या दोन्ही गोष्टी एका घरात आल्या. १८९१ च्या मद्रास इलाख्याच्या शिरगणतीत रंगारी या जातीचे वर्णन कापड रंगविणारे व शिवणारे असे आहे. ते मूळचे मराठी मुलुखातील असून मराठीच बोलतात आणि अंबाभवानीची उपासना करतात, अशी नोंद आहे. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या थर्स्टनच्या सात खंडांच्या ग्रंथातही ती आढळते. म्हैसूर संस्थानात आणि बंगळुरातही असे रंगारी, भावसार आणि नामदेव शिंपी राहत आले. छावणी हलली की तिच्याबरोबर तंबू, निशाणे, झुली आणि पोशाख हलतात, आणि ते शिवणारे-रंगविणारे हातही हलतात. राज्य जाते, छावणी उठते. बाजारात ज्याचे गिऱ्हाईक बसले तो मात्र मागे राहतो.

बंगळूर हे अशा कारागिराला मानवणारे गाव होते. हेब्बाळपासून सुमारे दहा किलोमीटर दक्षिणेला जुनी पेठ आहे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास ती वसविली आणि भोवती तळी बांधली; आपले हेब्बाळचे तळे त्यांपैकीच एक. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे स्वच्छ ऊन, डिसेंबरपासून मार्चपर्यंतचे कोरडे दिवस आणि तळ्यांचे पाणी, एवढे भांडवल रंगाऱ्याला पुरते. टिपूच्या पाडावानंतर लगेच, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन हा कंपनीचा अधिकारी या भागातून फिरला. बंगळुरातील विणकर आणि कापड रंगविणारे यांच्या कामाची त्याने बारकाईने चौकशी केली, आणि १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या तीन खंडांच्या प्रवासवृत्तात ती वाचावयास मिळते.

बंगळूराहून तंजावरास

या विद्येचा मराठी राजाश्रयाखालचा सर्वांत उंच टप्पा पाहावयाचा तर बंगळूराहून तंजावरास जावे लागते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बंगळुरास असत. त्यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे राज्य स्थापिले. मागे बंगळूर १६८७ साली मोगलांच्या हाती गेले आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे आले. तंजावरचे राज्य मात्र १८५५ पर्यंत चालले.

कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर या गावी भोसल्यांच्या दरबारासाठी साड्या, पागोटी आणि धोतरे तयार होत. सुती कापड विणतानाच त्यात जरीची नक्षी गुंफीत. मग नक्षीच्या कडा व आतील रेघा मेणाने झाकून कापड तांबड्या आणि काळ्या रंगात काढीत. मेण उतरले की मळकट तांबड्या जमिनीवर सोने आतून पेटल्यासारखे दिसे. जरीवर जर, भरतकामावर भरतकाम हा श्रीमंतीचा नेहमीचा मार्ग. येथे उलट सोन्यावर साध्या रंगाचे पांघरूण घालून ते हवे तेवढेच दाखविले आहे. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविणारे सरफोजीराजे याच परंपरेचे आश्रयदाते. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निवर्तले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि करुप्पूरला मागणी करणारा दरबारच उरला नाही. त्या शतकाबरोबर ती विद्याही संपली. आज तिचे नमुने संग्रहालयांतून पाहावयास मिळतात.

साध्या रंगाऱ्यांचा शेवट याहून सावकाश झाला आणि त्याचे कारण राजकारण नव्हते. १८५६ साली विल्यम पर्किन याला डांबरापासून जांभळा रंग सापडला. १८६९ पर्यंत मंजिष्ठेतला तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार झाला, आणि १८९७ साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. आलाची मुळे खणणे, हिरडा दळणे, महिनाभर कापड उन्हात राखणे या सर्वांची किंमत एका डब्यातल्या पुडीने उतरविली. बंगळुरातही १८८४ पासून मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. रंगारी घराण्यांनी ठसे बाजूला ठेवले आणि सुई व गज हाती घेतले. शहरातील शिवणकामात आणि कापडव्यापारात ही घराणी पुढे स्थिरावली.

सावलीचा छाप

उन्हाने कापड छापण्याची आणखी एक तऱ्हा याच शतकात निघाली. १८४२ साली इंग्लंडमध्ये ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनी लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण लावलेला कागद उन्हात धरला तर तो निळा होतो, असे दाखविले. लगेच १८४३ पासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळे अशा कागदावर ठेवून त्यांचे छाप काढले आणि त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांनी सरकारी बांधकामखात्यांत जुने नकाशे हाताळले आहेत, त्यांना निळ्या जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा आठवतील. ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द आपण आज योजनेला वापरतो, त्याचे मूळ हेच. नकाशे आता संगणकावर निघतात. ही कृती मात्र कापडावर, आणि विशेषतः रजईसाठी तुकडे छापण्याकरिता, जगभर हौसेने वापरली जाते.

हेब्बाळच्या कोणत्याही गच्चीवर ती साधते. शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे आणि ऐन वेळी दोन्ही पाणी समभाग मिसळावे. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, हातमोजे घालावेत आणि मुलांजवळ मोठ्या माणसाने उभे राहावे. खळ काढलेले मांजरपाट या पाण्यात भिजवून अंधाऱ्या खोलीत वाळवावे. मग त्यावर शेवग्याची डहाळी, नेचा किंवा आपल्या रस्त्यांवर सांडणारे जॅकरांडाचे पान ठेवून काचेने दाबावे आणि भर उन्हात दहा ते वीस मिनिटे धरावे. स्वच्छ पाण्यात, पिवळेपणा जाईपर्यंत धुतले की जेथे ऊन पोहोचले तेथे निळा रंग आणि जेथे पानाची सावली होती तेथे पांढरे पान दिसते.

जुन्या रंगाऱ्याच्या मेणाचे काम येथे सावली करते. परंतु दोन्ही निळ्यांत एक भेद आहे आणि तो गोधडी शिवणाऱ्याने ध्यानात ठेवावा. कुंडीतली नीळ धुण्याच्या सोड्याला दाद देत नाही. हर्शेलचा निळा रंग सोड्याने पिवळट पडतो. तेव्हा अशा तुकड्यांची गोधडी सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. बाळाच्या दुपट्याला ते तुकडे लावू नयेत, कारण दुपटे रोज धुवावे लागते. वीस मिनिटांत मिळालेला रंग आणि महिनाभर उन्हात राखून मिळालेला रंग यांत एवढे अंतर राहणारच.

टिकले ते काय?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. रंगाऱ्यांचा धंदा गेला, हे आपण पाहिले. त्यांची बोली मात्र गेली नाही. कर्नाटकातील भावसार आणि रंगारी घरांत आजही मराठीचे एक रूप बोलले जाते. त्यात कन्नड शब्द पुष्कळ आले आहेत आणि क्रियापदांची वळणे आपल्याला अनोळखी वाटतात. शाळेत मुले कन्नड शिकतात, दुकानाची पाटी कन्नडमध्ये असते, हिशेब कन्नडमध्ये चालतो. घरातल्या बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी मराठीत बोलत आल्या. त्यांना मराठी शाळा नव्हती, मराठी वर्तमानपत्र दारात येत नव्हते, नाटकमंडळी येत नव्हत्या. सुवर्णमहोत्सव साजरा करणारे मंडळही पाठीशी नव्हते.

आपली गोष्ट याच्या उलटी आहे. ज्या कामासाठी आपण येथे आलो ते काम उत्तम चालले; निवृत्तिवेतन मिळाले, घरे झाली, मुले शिकली. आपल्यापाशी ग्रंथालय आहे, गणेशोत्सव आहे, दिवाळी अंक आहेत. तरीही पन्नास वर्षांत, म्हणजे अवघ्या दोन पिढ्यांत, आपल्या घरांतील नातवंडे आजीला इंग्रजीत उत्तर देऊ लागली आहेत. हे रागाने लिहीत नाही. ज्या शहरात मुले वाढली त्या शहराची भाषा त्यांना लागणारच, आणि कन्नड तर त्यांनी आवर्जून शिकावी. परंतु शहाण्या माणसाने कधी तरी विचारावे की साधने नसताना त्यांनी जे राखले ते साधने असताना आपल्या हातून का निसटते?

आम्हांस दिसणारे उत्तर रंगाऱ्याच्या कामातच आहे. कापडाचा पांढरा भाग आपोआप पांढरा राहत नसे. कुंडीत उतरविण्यापूर्वी कोणीतरी बसून तेवढ्या जागेवर मेण लावीत असे, रेघ न चुकविता, दर खेपेस. रंगारी घरांतील बोली अशीच कामातून राखली गेली असावी. कुंडी कशी लावावी, खळ किती दाट करावी, ठसा कोणत्या हाताने उचलावा, हे मुलाला मराठीतच कळे. त्यामुळे भाषा हा वेगळा शिकविण्याचा विषय झालाच नाही. आपल्या घरांत मराठी ही सणाची भाषा झाली आणि कामाची भाषा राहिली नाही. वर्षातून चार दिवस लावलेले मेण तीनशे पासष्ट दिवसांच्या कुंडीत टिकत नाही.

यावर मोठा उपाय सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. दोन लहान गोष्टी मात्र आपल्या आवाक्यातील आहेत. पहिली अशी की मंडळाने जुन्या पेठेतील भावसार, रंगारी आणि नामदेव शिंपी कुटुंबांतील वृद्धांना सन्मानाने बोलवावे, त्यांच्या तोंडचे रंगकामाचे आणि शिवणकामाचे शब्द त्यांच्याच उच्चारांत नोंदवून घ्यावेत आणि पुढच्या स्मरणिकेत छापावेत. त्यांची मराठी अशुद्ध आहे, असे कोणी म्हणू नये. ती आपल्याहून जुनी बंगळूरकर आहे. दुसरी अशी की येत्या हिवाळ्यात, आभाळ निवळल्यावर, प्रत्येक घराने नातवंडांसह एक तुकडा उन्हात छापावा आणि आपापल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्याला जोडून मंडळाची एक गोधडी शिववावी. ते काम चालू असताना खळ, धावदोरा, अस्तर, ठिगळ, चौघडी हे शब्द मुलांच्या कानी आपोआप पडतील, कारण त्या गोष्टी मागण्यासाठी त्यांना ते वापरावेच लागतील.

शहाजीराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि ते घ्यावेच. त्याबरोबर, राज्य गेल्यावरही ज्यांनी तळ्याकाठी कापड वाळविता वाळविता मराठी बोलणे सोडले नाही, त्यांचेही स्मरण या मंगल प्रसंगी व्हावे. मंडळाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका काढणाऱ्यांना ती मराठीत काढता यावी आणि वाचणाऱ्यांना ती मराठीत वाचता यावी, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख येथे पुरा करतो.